पिवळा बिल्ला

डबीचा दिवा लाल झाला तेव्हा पारू हसत होती. एका करडानं बायडाक्काच्या पदराचं टोक तोंडात धरलं होतं आणि पारू त्याला दटावत होती, "सोड रं, सरकारी माणूस हाय ती. तुझ्यापायी मला तालुक्याला नेतील." बायडाक्कानं पदर सोडवून घेतला आणि डबीकडं पाहिलं. मग डबी पदराला पुसली आणि पुन्हा पाहिलं. दिवा लालच होता.

"पारू," ती म्हणाली, "नवऱ्याला हाक मार."

पारूचं हसू ओठांवर तसंच राहिलं, डोळ्यांतलं मात्र निघून गेलं. "लाल?"

"लाल."

"कुणाचा?"

बायडाक्काच्या गुडघ्यांत धरलेली भुरी मान वळवून दोघींकडं बघत होती. दीड वर्षाची तरणी मेंढी, पहिल्यांदाच गाभण, नाक ओलं, डोळे टवटवीत. कानाच्या कडेला रक्ताचा एक थेंब आणि त्याच्या खाली पिवळा बिल्ला. आजारी जनावर असं दिसत नाही हे पारूला कळत होतं आणि बायडाक्कालाही. पण डबी दिसण्यावर जात नसे. ती रक्ताच्या आत बघायची, आणि तिथलं बघायला या दोघींकडं काही नव्हतं.

पारूचा नवरा बिरुदेव धावत आला. हातातली काठी त्यानं टाकली नव्हती, जणू दिव्याला हाणूनच पाडणार होता. "आत्या, आणखी एक डाव टोचून बघा की. डबी उन्हानं तापली असंल."

"आज पुन्हा टोचून चालत न्हाई. गुरुवारी."

हा नियम साऱ्या माळाला पाठ होता. सोमवारी लाल आला की त्याच जनावराची गुरुवारी पुन्हा तपासणी. हिरवा आला तर प्रश्न मिटला. दुसऱ्यांदाही लाल आला, तर शुक्रवारी पांढऱ्या कपड्यांतली माणसं गाडी घेऊन येतात आणि त्या एका जनावरासाठी सगळा कळप मारायला नेतात. पारू-बिरुदेवाकडं शेळ्या-मेंढ्या मिळून एकशे सत्तर होत्या.

"म्हंजी म्हाकूमामाचं झालं तसं..." बिरुदेव बोलून गेला आणि पारूनं त्याला कोपरानं ढोसलं. म्हाकू हा बायडाक्काचा पाठचा भाऊ.

"बोलू दे त्याला," बायडाक्का म्हणाली. "झालं ते झालं. त्या येळंलाबी मीच टोचलं हुतं." तिनं भुरीला सोडलं. भुरी अंग झाडून शेळ्यांत जाऊन उभी राहिली, रोजच्या जागी.

नऊ वर्षांपूर्वी बसकी आली तेव्हा डबी नव्हती. जनावर सकाळी उठायचंच नाही, बसून राहायचं, म्हणून लोकांनी रोगाचं नाव बसकी ठेवलं. डॉक्टरांनी ठेवलेलं लांबलचक नाव कुणाच्या तोंडात बसलं नाही. बसलेल्या जनावराला कुशीत घेऊन जो बसायचा, त्याच्या छातीत रोग उतरायचा. हिंगणमाळ आणि आसपासच्या वाड्यावस्त्या मिळून एकोणतीस माणसं गेली. त्यांत बायडाक्काचा नवरा. दवाखान्यात मयत ताब्यात घेताना तिनं कागदावर अंगठा उठवला, तेव्हा कागदात काय लिहिलंय ते तिला कळलं नाही. ते तिच्या मनाला फार लागलं. दिवसकार्य झाल्यावर महिन्याभरात ती सत्तेचाळीस वर्षांची बाई गावच्या शाळेत प्रौढांच्या वर्गात जाऊन बसली. पोरांच्या बाकात तिचे गुडघे मावत नसत. सबंध वाक्य तिनं पहिल्यांदा वाचलं, ते बसकीच्याच पत्रकावरचं होतं: 'बसलेल्या जनावराजवळ बसू नका.'

चार वर्षांपूर्वी डबी आली. कागदोपत्री तिचं नाव पेशीमापक. पण ती सुपारीच्या डबीएवढी, म्हणून डबी. ती चालवायला गावोगाव एक पशुसखी हवी होती, जिला वाचता येतं आणि जिच्या हातात जनावर गप राहतं. हिंगणमाळात दोन्ही जमणारी बायडाक्काच एकटी निघाली.

सहा दिवसांच्या शिकवणीत सांगितलेलं सगळं तिनं वहीत उतरवून घेतलं होतं. रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्या राखणदार. प्रत्येक पेशीच्या पोटात बारीक पिशव्या, आणि पिशव्यांत विकरं. विकर म्हणजे अंगातलं एकेक काम उरकणारा पदार्थ. एक विकर जंतूची भिंत विरघळवतं. दुसरं, विहिरीत टाकायच्या ब्लीचिंग पावडरीसारखं रसायन तयार करतं आणि जंतूला जाळतं. आणखीही बरीच. जंतू शिरला की राखणदार पिशव्या फोडतात आणि विकरं रक्तात सांडतात. ताप त्यानंतर चार-पाच दिवसांनी येतो, आणि जनावर बसतं ते त्याच्याही नंतर. डबी थेंबातली विकरं मोजते, म्हणून रोग बाहेर पडायच्या आधी तिला त्याची चाहूल लागते.

एक गोष्ट तिला फार मजेची वाटली होती. सगळ्या जनावरांच्या पिशव्यांत सारखा माल नसतो. गाईच्या पेशींत भिंत विरघळवणारं विकर जवळजवळ नसतंच. कोंबडीच्या पेशींत जाळणारं विकर नसतं. तरी गाय जगते आणि कोंबडीही जगते, कारण त्यांच्याकडं दुसरी हत्यारं असतात. म्हणून प्रत्येक जातीचा तक्ता वेगळा काढून डबीत भरलेला होता. तक्त्यापेक्षा आकडा वर गेला की लाल. शिकवणाऱ्या साहेबाला कुणी फार प्रश्न विचारले की तो म्हणायचा, "तुम्ही टोचा फक्त. डबीला सगळं कळतं." तेही बायडाक्कानं लिहून घेतलं होतं आणि त्याच्या खाली रेघ ओढली होती.

मेंढरं गड्यांची आणि शेळ्या बायकांच्या, ही त्या माळावरची पिढ्यान्‌पिढ्यांची वाटणी. मेंढी विताना मेली किंवा तिला दूधच आलं नाही, की कोकरू शेळीला लावतात. मग ते कोकरू मेंढरांत धरत नाहीत. ते शेळीमागं चालतं, शेळ्यांत बसतं आणि घरातल्या बाईच्या वाट्याचं होतं. 'शेळ्यांत किती?' असं कुणी विचारलं तर त्याला धरून आकडा सांगायचा. बिल्ले मारायच्या दिवशी बायडाक्कानंही दारोदार हेच विचारलं, आला तो आकडा लिहिला आणि तेवढे पिवळे बिल्ले मारले. पिवळा शेळ्यांचा, निळा मेंढरांचा. भुरी पारूच्या शेळीवर वाढलेली, पारूच्या शेळ्यांतली. तिला पिवळा.

म्हाकूनंही असंच एक कोकरू शेळीवर जगवलं होतं. त्याची बायको कधीच वारली होती. "आमच्या शेळ्यांतली बाई आता तूच," असं म्हणून ती मेंढी त्यानं बहिणीच्या नावानं ठेवली. तिची लोकर तो वेगळी बांधून ठेवायचा. त्या लोकरीचं घोंगडं आक्काला द्यायचं होतं. मागच्या वर्षी त्याच मेंढीचा थेंब सोमवारी लाल आला आणि गुरुवारीही लाल आला. शुक्रवारी म्हाकूची दोनशे बारा जनावरं गेली. मेंढरं कोंडायच्या वाघराची जाळी त्यानं स्वतःच्या हातानं उघडली, कारण परक्या माणसानं उघडली असती तर जनावरं बुजली असती.

तो रडला नाही, बहिणीवर चिडलाही नाही. भेटेल त्याला सांगायचा, "बसकीनं माझा दाजी नेला. जनावरं गेली तर जाऊ देत, पोरंबाळं वाचली." झेंडावंदनाला त्याला सन्मानपत्र मिळालं. ते बायडाक्कानं त्याला तीनदा वाचून दाखवलं: 'आपल्या त्यागामुळे गाव वाचले.' तेव्हापासून घरी कुणी आलं की तो भिंतीवरच्या त्या कागदावर बोट फिरवत ते वाक्य म्हणायचा. बोट भलत्याच ओळीवर असायचं. कुणी हसायचं नाही.

सोमवारी घरी परतताना बायडाक्काच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. म्हाकूची लाल आलेली मेंढी शेळीच्या दुधावर वाढलेली, भुरीही तशीच. तीही पहिलटकरीण होती, भुरीही आहे. शेळीच्या दुधातच काही वाईट असेल का? मंगळवारी सकाळच्या गाडीनं ती तालुक्याच्या प्रयोगशाळेत गेली.

तांबोळी डॉक्टर तिशीतल्या होत्या. डब्यांचे सगळे आकडे त्यांच्याकडं यायचे आणि शुक्रवारच्या कागदांवर त्यांची सही असायची. "या बायडाक्का. चहा सांगू?"

"च्या मागनं घिऊ. मॅडम, शेळीच्या दुधानं मेंढीच्या पांढऱ्या पेशी बिघडत्यात का?"

"दुधानं? नाही. का हो?"

"पारूच्या मेंढीला लाल आला काल."

डॉक्टरांनी पडद्यावर पाहिलं. "पारू हाके. लाल एकच दिसतोय, पण तो शेळीला आहे. मेंढीला कुठं आलाय?"

"तीच की. शेळ्यांतली मेंढी."

"शेळ्यांतली म्हणजे?"

बायडाक्कानं लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. दूध कसं लावतात, मग ती कुणाची होते, कशात धरतात. ऐकता ऐकता डॉक्टरांचा चेहरा बदलत गेला.

"थांबा. म्हणजे ते जनावर मेंढीच आहे? लोकर असलेली?"

"मेंढीच हाय. मी काय म्हैस म्हणतीया का?"

"मग तिच्या कानात पिवळा बिल्ला कसा?"

"शेळ्यांत हाय म्हणून." हे म्हणतानाच बायडाक्काला आपला आवाज वेगळा ऐकू आला.

डॉक्टरांनी कपाटातून काचेच्या दोन पट्ट्या काढल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक लावून तिला बघायला लावलं. पहिल्या पट्टीवर गोल पेशी होत्या आणि त्यांत लालसर ठिपके, मोजता येतील इतके. दुसऱ्या पट्टीवर तशाच पेशी, पण ठिपक्यांनी गच्च भरलेल्या, मोहरी सांडल्यासारख्या.

"पहिली शेळी, दुसरी मेंढी," डॉक्टर म्हणाल्या. "दोन्ही धडधाकट. हे विकर मेंढीच्या पेशीत मुळातच जास्त असतं. एरवी ते शेळीच्या हद्दीत कसंबसं मावतं, पण पहिल्यांदा गाभण राहिली की आणखी वाढतं. मेंढीच्या तक्त्यात त्याला जागा ठेवलेली आहे. शेळीच्या तक्त्यात नाही."

"डबीला दिसत न्हाई व्हय, जनावर कंचं हाय ते?"

"डबीला फक्त थेंब दिसतो. जनावर कुठलं, ते तिला बिल्ला सांगतो."

"आन् बिल्ला म्या मारला," बायडाक्का म्हणाली.

डॉक्टरांनी भुरीचा कालचा आकडा घेतला, शेळीच्या जागी मेंढी केलं आणि पडदा तिच्याकडं वळवला. हिरवा. "वाचली पारू," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या. "बिल्ला बदलून टाकू. तुमच्या दुधाच्या शंकेनं अख्खा कळप वाचवला बघा."

बायडाक्का हसली नाही. "मागल्या सालचा आकडा हाय का ह्याच्यात? म्हाकूचा?"

डॉक्टरांचा हात थांबला. "बायडाक्का, नको."

"हाय का न्हाई, तेवढं सांगा."

आकडा होता. सोमवारचा होता आणि गुरुवारचाही. डॉक्टरांनी जात बदलली. पडद्यावर एकाखाली एक दोन हिरव्या खुणा उमटल्या. बाहेर कुणीतरी कुत्र्याला सुईसाठी आणलं होतं, ते केकाटत होतं.

मग डॉक्टर एकदम बोलायला लागल्या, भराभर, बायडाक्काकडं न बघता. "एकच बिल्ला चुकला असं कळवलं तर ती तुमची चूक धरतील. डबी तुमच्याकडून काढून दुसऱ्या बाईला देतील. ती पण तुमच्यातलीच असणार, ती पण दारात जाऊन 'शेळ्यांत किती' असंच विचारणार. पण दोन बिल्ले दाखवले, आणि त्यातल्या एकापायी अख्खा कळप गेला हे दाखवलं, तर जिल्ह्यातला प्रत्येक बिल्ला तपासावा लागेल. मात्र मिटलेलं प्रकरण मालकाच्या सहीशिवाय उघडत नाही."

"म्हाकूच्या."

"हो. आणि बिल्ले तपासायचे म्हणजे महिना-दीड महिना सगळ्या डब्या बंद. तेवढ्यात खरी बसकी आली तर कळणार नाही. काय करावं ते मला सांगता येत नाही, बायडाक्का. त्या शुक्रवारच्या कागदावर माझी पण सही आहे."

"मागल्या साली जिल्ह्यात किती कळप गेलं?"

"सात. त्यातले चार पिवळ्या बिल्ल्यावर."

"ते चार खरंच शेळीचं हुतं का?"

"आकडे आहेत. आत्ता बघितलं तर कळेल." पण डॉक्टरांनी हात पुढं केला नाही, आणि बायडाक्कानंही बघा म्हटलं नाही.

जबाब तिनं तिथंच बाकावर बसून लिहिला. डॉक्टर म्हणाल्या, मी टाइप करून देते. "नको. बिल्ला म्या मारला, तर लिहितीबी मीच." तिचं अक्षर मोठं होतं आणि रेघ सोडून खाली उतरायचं. एक पान लिहायला तिला दोन तास लागले.

बुधवारी सकाळी तिनं पारूला सांगितलं. भुरीच्या कानातला पिवळा बिल्ला काढला आणि निळा मारला. उद्या टोचायला येईन, हिरवा येईल, म्हणाली. पारू तिच्या गळ्यात पडली. बिरुदेव जाळीच्या खुंटाला धरून पाठमोरा उभा होता, त्याचे खांदे हलत होते.

"आत्या, भुरीचं पयलं कोकरू तुमचं," पारू डोळे पुसत म्हणाली. "न्हाई म्हणायचं न्हाई. आमच्या शेळ्यांत ऱ्हाईल, तुमच्या नावानं."

"नको गं," बायडाक्का म्हणाली. "माझ्या नावानं काय ठेवू नका." पारूला ते संकोचानं म्हटल्यासारखं वाटलं. ती मागनं ओरडून म्हणाली, "ठेवणार म्हंजी ठेवणार!"

म्हाकू आता काचेच्या रानात कामाला होता. पूर्वी जिथं मेंढरं चरायची त्या माळावर सौरवीज कंपनीनं कोसभर काचा मांडल्या होत्या. त्यांच्यावर बसलेली धूळ लांब दांड्याच्या ब्रशानं धुवायची हे त्याचं काम. राहायला पत्र्याची खोली दिली होती. बायडाक्का पोचली तेव्हा तो ओळीच्या टोकाशी होता. बहिणीला लांबूनच ओळखून त्यानं ब्रश उंच केला.

"आक्का! आज बुधवारची कशी? बस, च्या ठेवतो." मग आवाज उतरवून म्हणाला, "पारूचं ऐकलं म्या. वंगाळ झालं. तिला म्हणावं, मन घट्ट कर. उद्या मीच जाणार हाय तिच्याकडं. सन्मानपत्र काढून नेतो संगट, वाचून दावतो. तेवढाच जिवाला धीर."

"पारूची वाचली, म्हाकू."

"आं?"

तिनं सांगितलं. मधे कुठं थांबली नाही, कारण थांबली असती तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. बिल्ला, तक्ता, काचेच्या दोन पट्ट्या, मोहरीसारखे ठिपके. म्हाकू ब्रशाच्या दांड्यावर हनुवटी टेकून ऐकत होता. काठीवर टेकून मेंढरांकडं बघत उभा राहायचा तसाच.

"म्हंजी भुरीला काय झालंच न्हवतं," तो म्हणाला.

"न्हवतं."

"बरं झालं. गरीब पोरं हैत." त्यानं एक काच पुसली. मग त्याचा हात मंदावला. "आन् तुझ्या मेंढीला?"

"तिलाबी काय न्हवतं."

"बाकीच्यांत? ज्यास्ती न्हाई, एकाददुसऱ्यात तर..."

"कुणातच न्हवतं, म्हाकू."

काचांवरून ओघळलेलं पाणी खालच्या मातीत ठिबकत होतं. त्या ओलीवर थोडं गवत आलेलं होतं, खायला कुणी नसल्यानं गुडघाभर वाढलेलं.

"मग गाव कशापास्नं वाचलं?" म्हाकूनं विचारलं.

तो तिच्या तोंडाकडं बघत होता, जणू कागदावर कुठंतरी लिहिलेलं असेल आणि ती शोधून सांगेल.

"बिल्ला मला दिसत हुता की गं," शेवटी तोच म्हणाला. "रोज दिसत हुता. मेंढीच्या कानात शेळीचा रंग. एक डाव आलं मनात, आक्काला इचारावं. मग म्हटलं, ती शिकल्याली हाय. तिनं मारलाय म्हंजी तसंच असंल."

त्यानं दोन थोबाडीत मारल्या असत्या तर ते तिला सोसलं असतं. "मला वाटलं, डबीला कळतंय," ती म्हणाली.

मग तिनं पिशवीतून कागद काढला आणि कशासाठी आली ते सांगितलं.

"सही केली तर काय हुईल?"

"सगळ्यांचं बिल्लं तपासत्याल. तवर डब्या बंद. माझी तर जाईलच."

"आन् मधीच बसकी आली तर?"

"येऊबी शकते."

"आन् न्हाई केली तर?"

"तर कुणाला कायबी कळायचं न्हाई. तुझं सन्मानपत्र हाय तसं खरं ऱ्हाईल. आन् पुढल्या साली कुणाच्या तरी शेळ्यांतली मेंढी गाभण ऱ्हाईल."

म्हाकूनं ब्रश खाली ठेवला आणि खोलीत गेला. आता तो सन्मानपत्र फाडून आणतो असं तिला वाटलं. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात पत्र्याचा एक जुना डबा होता. मेंढरांच्या पाठीवर खूण करायचा तांबडा रंग. शेवटचं मेंढरू जाऊन वर्ष झालं होतं, तरी डबा त्यानं टाकला नव्हता. आत रंग वाळून भेगाळला होता. बादलीतलं पाणी ओंजळीनं घालून तो बोटानं कालवत बसला.

"वाच," तो म्हणाला. "सगळं वाच. मागच्या कागदासारखं मला चांगलं चांगलं सांगू नगंस."

ती वाचू लागली. मी पशुसखी बायडा खरात लिहून देते की. तिचा आवाज शाळेतल्या बाकावर यायचा तसा अडखळत होता. चुकीचा बिल्ला माझ्या हाताने मारला गेला. त्यामुळे माझा भाऊ म्हाकू लवटे याची निरोगी असलेली दोनशे बारा जनावरे...

"थांब. दोनशे बारा कसं?"

"तेवढीच हुती की. गाडीत घालताना मोजली हुती."

"तुझी मेंढी गाभण हुती. बाकीच्या विऊन मोकळ्या झाल्या हुत्या, तीच एकटी मागं ऱ्हायली हुती. पाच-सात दिवसांवर आली हुती." तो वर बघत नव्हता, रंग कालवत होता. "पोटातलं कोण धरणार? दोनशे तेरा लिही."

तिनं कागद गुडघ्यावर ठेवला, 'बारा' खोडलं आणि वर 'तेरा' लिहिलं. ते तिनं दोनदा गिरवलं. म्हाकूनं अंगठा रंगात बुडवला आणि ती दाखवील त्या जागी टेकवला. पूर्वी मेंढराच्या पाठीवर टेकवायचा तसा, जोर लावून. ठसा कागदात फार मोठा दिसत होता.

"भिंतीवरचं काढू का खाली?" तिनं विचारलं.

त्यानं मागं वळून खोलीकडं पाहिलं. उघड्या दारातून कागद दिसत होता. "ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "मला तेवढंच एक वाचाय येतंय."

मग ब्रश उचलून तो पुढच्या ओळीला गेला. रंग पातळ झाला होता आणि लवकर वाळत नव्हता, म्हणून कागदाची घडी घालता येईना. तो तसाच दोन्ही हातांत उघडा धरून बायडाक्का काचांच्या मधल्या वाटेनं एसटीच्या थांब्याकडं चालू लागली. वारा आला की ती थांबायची, कागद वाऱ्याच्या उलट बाजूला फिरवायची आणि पुन्हा चालायची.